आत कोण बसलंय?

सकाळपासून सरांच्या पायाला भिंगरी लागली होती. टेबलापाशी बसायचं, उठायचं, खिडकीशी जायचं, पुन्हा टेबलापाशी यायचं. निवृत्तीनंतर ते घरबसल्या, इंटरनेटवरून, विद्यापीठाचा संख्याशास्त्राचा एक अभ्यासक्रम शिकवत. विद्यार्थी सगळे नोकरीवाले, लांब लांब विखुरलेले. शेवटचा अहवाल द्यायची मुदत आज संध्याकाळी संपत होती, आणि ज्या सॉफ्टवेअरवर आकडेमोड करायची ते विद्यार्थ्यांना आतच घेत नव्हतं. ‘जागा शिल्लक नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा,’ एवढंच पडद्यावर उमटे.

फोन वाजला. त्यांच्या वर्गातल्या नर्सबाई होत्या.

“सर, अजून तेच. आत घेतच नाही.”

“इंटरनेट नीट आहे ना?”

“त्याच्यावरूनच तर बोलतेय तुमच्याशी.”

सर वरमले. नर्सबाईंची घाई त्यांना ठाऊक होती. हा अभ्यासक्रम पार पडला, तर रुग्णालयाच्या नोंदी विभागात त्यांची बदली होणार होती. नाहीतर आणखी वर्षभर रात्रपाळी, आणि त्यांची कंबर आता रात्रपाळीला पुरत नव्हती. मुदत वाढवून मागायला सरांनी विद्यापीठात फोन केला होता. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, गोड बोलले आणि नाही म्हणाले.

“थांबा, मी बघतो,” म्हणून सरांनी स्वतः शिरून पाहिलं. दोनदा नकार आला, तिसऱ्यांदा दार उघडलं. “अहो, माझ्याकडे तर उघडतंय!” ते म्हणाले आणि घाईघाईने पडद्यावरची खिडकी बंद करून टाकली. उगाच आपण कशाला आत बसा?

“मग माझंच नशीब फुटकं,” म्हणून नर्सबाईंनी फोन ठेवला.

सरांना वाटलं, आपण सूचना चुकीच्या तर लिहिल्या नाहीत? पासवर्ड सांगताना काही राहिलं असेल? या वयात ही नसती उठाठेव कुणी सांगितली होती? त्यांनी पुन्हा शिरून पाहिलं. मग बायकोच्या टॅबलेटवरून. मग फोनवरून.

“अहो, खाज सुटल्यासारखं काय चाललंय?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “सारखं उघडताय नि मिटताय. दार असतं तर बिजागरी निखळली असती.”

“चालतंय का बघतोय.”

“तुमच्या बघण्याने चालणार आहे का?”

शेवटी विद्यापीठाच्या संगणक विभागातल्या मुलीचा फोन आला. सकाळपासून सरांनी तिला इतके निरोप धाडले होते, की तिने ‘नमस्कार’ही म्हटलं नाही.

“सर, या सॉफ्टवेअरला मोजक्याच जागा आहेत. एक उठला की दुसऱ्याला मिळते. सगळ्या भरल्यात. आत कोण बसलंय सांगू?”

“दुसऱ्या वर्गाची मुलं?”

“तुम्ही.”

“मी एक. आणि बाकीच्या जागांवर?”

“बाकीच्या जागांवरही तुम्हीच. तुम्ही ‘बाहेर पडा’चं बटण न दाबता नुसती खिडकी मिटता. त्याला वाटतं माणूस आतच आहे, म्हणून ते बराच वेळ जागा धरून ठेवतं. पुन्हा आलात की नवी जागा देतं. सकाळपासून एकटेच अख्खा वर्ग भरून बसलाय तुम्ही.”

सरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. जागा मोकळी राहावी म्हणून तर आपण लगेच मिटत होतो.

“मी तुम्हाला सगळीकडून उठवतेय,” मुलगी जरा मवाळ झाली. “पण संध्याकाळपर्यंत परत शिरायचं नाही हं, सर. चालतंय का बघायलासुद्धा नाही.”

सरांनी विद्यार्थ्यांना निरोप लिहायला घेतला. आधी ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असं लिहिलं. खोडलं. मग ‘काही कारणाने’. तेही खोडलं. शेवटी लिहिलं, ‘जागा मीच अडवून बसलो होतो. चूक माझी. आता या.’ डोळे मिटून पाठवून दिला.

आणि मग काहीच नाही. ना फोन, ना निरोप. नर्सबाई आत पोचल्या का? की कंटाळून उठल्या? कळायला मार्ग एकच होता, आणि नेमका तोच बंद. हात आपोआप लॅपटॉपकडे गेला. बायकोने तो उचलला, कपाटात ठेवला आणि त्यांच्यासमोर मटारच्या शेंगांचं ताट सरकवलं.

“सोला.”

सर सोलू लागले. दाणे ताटाबाहेर उडत होते. उन्हाची तिरीप फरशीवरून भिंतीवर चढली, तरी फोन गप्पच. शेंगा संपत आल्या तेव्हा तो थरथरला. नर्सबाई!

‘सर, रुग्णांना थांबावं लागतं त्या वेळेची सरासरी फारच मोठी येतेय. मध्यक मात्र बराच लहान. माझं काही चुकलंय का?’

सरांचा जीव भांड्यात पडला. सरासरी येतेय, म्हणजे बाई आत आहेत! त्यांनी मटारच्या दाण्यांकडे पाहिलं. चारदोन रुग्ण दिवसभर ताटकळले असणार. त्यांनीच सरासरी फुगवली. मध्यक म्हणजे रांगेतला मधला माणूस, तो होता तिथेच आहे. असंच असणार. पण नक्की? एकदा आकडे उघडून बघितले तर? ते अर्धवट उठले.

“अंहं,” बायको म्हणाली. मान वर न करता.

सर खाली बसले. बोटं मटारने हिरवी झाली होती, ती लेंग्याला पुसली आणि काहीही न तपासता लिहिलं, ‘तुमचं बरोबर आहे. काही जण फार वेळ थांबलेत, त्यांनी सरासरी ओढली. मध्यक धरा आणि पाठवून द्या.’

पाठवल्यावर त्यांना लगेच वाटलं, की पुन्हा एकदा वाचून बघावं. त्यांनी फोन पालथा ठेवला आणि शेवटची शेंग उचलली.