कामाचे स्वरूप : पाखरे ऐकणे

"कामाचं स्वरूप?" रजिस्टरातून मान वर न काढता ग्रामपंचायतीच्या कारकुनानं, सुदर्शननं, विचारलं.

"पाखरं ऐकणं," यशोधरा म्हणाली.

पेन थांबलं. ग्रामपंचायतीच्या पायरीवर पट्टे गळ्याला लावून बघत बसलेल्या बायका एकदम खिदळल्या. यशोधराच्या कडेवरची दीड वर्षाची मैत्रीसुद्धा, काही न कळता, त्यांच्याबरोबर हसली.

"वहिनी, चेष्टा नका करू. साहेबाला यादी पाठवायचीय."

"चेष्टा नाही करत. लिहा."

मागच्या पंधरवड्यात चांगदेवभाऊंची कालवड बिबट्यानं नेली, तीही गोठ्यातून, माणसं जागी असताना. ऊसतोड चालू झाल्यापासून डिंगोऱ्याच्या आजूबाजूच्या वस्त्यांवर हेच चाललं होतं. बिबट्या मान धरतो म्हणून पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं हे पट्टे पाठवले होते. जाड चामडं आणि बाहेरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढे खिळे. उजाडायच्या आधी ज्यांना बाहेर पडावंच लागतं त्यांच्यासाठी. रजिस्टरात वरपासून खालपर्यंत कामं लिहिलेली होती: दूध घालणे, मोटार चालू करणे, गवत कापणे, द्राक्षबाग. पट्टे बारा होते. यशोधरानं मुद्दाम सगळ्यांना पुढं जाऊ दिलं होतं. आता पट्टे दोन उरले होते आणि तिच्यामागं कुणीच नव्हतं.

"आगं, पाखरं आयकायला पट्टा कशाला लागतोय?" पायरीवरून साळुबाई म्हणाली. गवताच्या भाऱ्यांवर तिनं तीन पोरं शिकवली होती. तिच्या गळ्यात पट्टा आधीच बसला होता. "मी गवत कापता कापता आयकते. फुकाट."

"मला कापता कापता नाही ऐकायचं, मावशी."

"मंग?"

"नुसतं."

"नुसतं!" साळुबाईनं शेजारणीच्या मांडीवर चापट मारली. "शिकल्याली सून लई म्हाग पडती बघ."

यशोधरा हसली नाही. बी.एस्सी. झाल्यावर लग्न होऊन ती या वस्तीवर आली, त्याला चार वर्षं झाली होती. मैत्री झाल्यापासून तिचे कान उघडेच राहिले होते. झोपेत पोरीचा श्वास चालतोय ना, पाळण्याची दोरी करकरली का, हौदाचं झाकण सरकलं का. दिवसभर जे जे कानावर येई ते तिला काहीतरी काम सांगायलाच येई. कुकर बोलवायचा, फोन बोलवायचा, मोटारीचा स्टार्टर खट् झाला की लाईट आल्याची वर्दी, सासूबाईंची हाक, पोरीचं रडणं. फक्त पहाटे सहा ते साडेसहा दारातल्या कट्ट्यावर पाठ टेकून बसलं की शेवग्यावरचा दयाळ, मग बुलबुल, मग लांब बांधावरचा भारद्वाज असे सगळे एकामागून एक बोलायला लागत, आणि त्यातलं एकही तिला ऊठ म्हणत नसे.

गेले एकोणीस दिवस बिबट्याच्या भीतीनं दार सातच्या आत उघडत नव्हतं. तिनं खिडकीच्या काचेला कान लावून पाहिला, तर पंख्याचीच घरघर ऐकू आली. नवऱ्यानं, बुद्धभूषणनं, तोड काढली होती. "यूट्यूबवर लाव की. दोन-दोन तास पाखरं ओरडत्यात."

"मध्येच साबणाची जाहिरात येते," ती म्हणाली होती.

सुदर्शन वाईट माणूस नव्हता. त्यानं पेनाचं टोपण दातात धरलं आणि आवाज खाली आणला. "जनावरांची राखण टाकू?"

"आमच्याकडं जनावर नाही."

"मग असं करू. सातभाई पाखरं कालवा करायला लागली की बिबट्या जवळ असतो, हे तुम्हाला ठाऊकाय. तुम्हीच सांगितलं व्हतं मागं. 'वस्तीची टेहळणी' लिहितो. साहेब खूश, वस्ती खूश. तुमच्या सासूबाईबी काय बोलायच्या नाहीत."

यशोधराला क्षणभर मोह झाला. टेहळणी म्हटलं की सगळं सोपं होणार होतं. कुणी हसणार नव्हतं, उलट सकाळी चार जण विचारायला आले असते, काय वहिनी, काय खबर? पण मग तिला दिसलं, की एकदा तसं लिहिलं की पाखरंसुद्धा तिला काम सांगायला लागतील.

"नको," ती म्हणाली. "बाहेर बसते ती ऐकायला बसते. तेच लिहा."

सुदर्शननं सुस्कारा टाकून लिहिलं. तिनं वाकून वाचलं: पक्षी निरीक्षण.

"निरीक्षण नाही, भाऊ. अंधारात काय दिसणार?"

पायरीवर परत हशा पिकला. सुदर्शननं काट मारली आणि दाबून, जरा रागानंच, लिहिलं: पाखरे ऐकणे. यशोधरानं पुढं सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट.

घरी सासूबाई, द्रौपदाबाई, ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी पट्टा पाहिला आणि सूप बाजूला ठेवलं. बातमी आधीच पोचली होती.

"मेंढरामागच्या कुत्र्याला घालत्यात आसला. तू घालणार?"

"घालणार."

"लेकराची आई हायेस तू. काय इपरीत झालं तर?"

हा प्रश्न यशोधरानं स्वतःला रोज विचारला होता, तेही सासूबाईंपेक्षा कठोर आवाजात. "मैत्रीचे बाबा साडेचारला दुधाचा टेम्पो घेऊन जातात. लेकराचा बाप आहेस म्हणून कुणी अडवत नाही त्यांना."

"त्यो पोटासाठी जातो."

"पोटासाठी गेलं की बिबट्या सोडून देतो का, आई?"

द्रौपदाबाईंनी सूप परत पुढं ओढलं. सुपातला एक खडा त्यांनी दोनदा उचलला आणि दोनदा परत टाकला. "माज आलाय," एवढंच त्या शेवटी म्हणाल्या.

"असू दे," यशोधरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मैत्रीच्या छातीवर हात ठेवून श्वास पाहिला, बॅटरी घेतली, पट्टा बांधला. चामडं हनुवटीखाली रुतत होतं. मान ना डावीकडं वळे ना उजवीकडं. द्रौपदाबाई अंथरुणातून उठून दाराशी आल्या.

"कडी मी आतनं लावनार. हाक मारल्याबिगर उघडायची न्हाई."

"बरं."

मागं कडी बसली. यशोधरा भिंतीला पाठ लावून कट्ट्यावर बसली. अंगणापलीकडं तोडून नेलेल्या उसाचं मोकळं रान, त्याच्या कडेला अजून उभा असलेला ऊस. मग शेवग्यावर दयाळनं पहिली शीळ घातली, थोडं थांबून परत, आणि शेवटाला एक नवी गिरकी जोडली. मान वर करून बघावं म्हणून ती वळायला गेली, तसे खिळे भिंतीच्या चुन्यावर घासले. तिनं बघणं सोडून दिलं.

अन् एकाएकी उसाच्या कडेला सातभाई कालवा करायला लागले.

दयाळ गप्प झाला. यशोधरा उभी राहिली, पाठ दाराला टेकवली आणि बॅटरी उसाकडं रोखली. पाचट नुसतंच हललं. पाठीमागं कडी सरकली.

"उघडू का?" आतून आवाज आला, अगदी दाराला तोंड लावून.

सातभाईंचा आरडाओरडा हळूहळू बांधाबांधानं लांब गेला, ओढ्याकडं. जे काही होतं ते तिकडं गेलं होतं. पोरगी आत झोपलेली होती. दार आता एका बोटानं उघडलं असतं.

शेवग्यावर दयाळनं पुन्हा सुरुवात केली.

"नको, आई," यशोधरा म्हणाली. बॅटरी विझवून ती खाली बसली.

कडी परत बसल्याचा आवाज काही आला नाही. दारापलीकडं द्रौपदाबाईंच्या बांगड्या एकदा किणकिणल्या, मग आवाज होऊ नये म्हणून त्यांनी त्या हातानं धरून ठेवल्या असाव्यात.