गुरुवारची गोळी

टच्!

स्वयंपाकघरात, माझ्या पाठीमागून, तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. विहंगने पाकिटातून गोळी काढली होती. मी लेकीच्या, उन्नतीच्या डब्याची पोळी लाटत होते. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याने ती परत ठेवून दिली असती, इतका हट्टी नवरा आहे माझा.

सिगारेट सुटावी म्हणून छातीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली ती गोळी. आदल्या गुरुवारी ती घेऊन तो निघाला आणि हिंगण्याच्या कंपनीच्या बसमध्ये, अख्ख्या शिफ्टसमोर, त्याला उलटी झाली. घरी येऊन त्याने गोळ्यांचं पाकीट देवाच्या फळीवर, गजानन महाराजांच्या फोटोमागे सारलं.

"नाही जमत मले. अन् महाराजांच्या हातात काय चिलीम नाही?"

"तू महाराज हाय का गा?" सासूबाई तडकल्या.

मला हसू आलं नाही. सासऱ्यांचा शेवटच्या महिन्यांतला खोकला मी याच घरात ऐकलाय. तोच आता विहंगच्या छातीत ऐकू यायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला.

"सकाळी काय खाल्लं होतं त्यांनी?"

"काहीच नाही. गुरुवारचा उपास असतो ना."

डॉक्टरबाई हसल्या. "अहो, उपाशीपोटी घेतली तर मळमळणारच. पोटभर खाऊन घ्यायची, ग्लासभर पाण्यासोबत. सांगितलं होतं मी."

सांगितलं होतंच. पण 'रोज जेवणानंतर' म्हटल्यावर उपासाचा दिवस आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आला नव्हता.

तरी आठवडाभर त्याने पाकिटाला हात लावला नाही. गुरुवार उजाडला. सासूबाईंनी साबुदाण्याची उसळ केली आणि भरलेली ताटली त्याच्यापुढे आदळली.

"खा. उपासालेही चालते अन् गोळीलेही चालते."

त्याने ताटली रिकामी केली. मग फोटोमागचं पाकीट काढलं, ग्लासभर पाणी भरून घेतलं. आणि मग तो आवाज.

त्या दिवशी बसमध्ये काही झालं नाही. पुढे सिगारेटच त्याला बेचव लागायला लागली. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवशी त्याने ती सोडली, आणि गच्चीवरचा थोटकांचा डबा स्वतःच्या हाताने कचरागाडीत टाकला.

परवा दुपारी आम्ही घरातच आंधळी कोशिंबीर खेळत होतो. उन्नतीवर राज्य, डोळ्यांवर माझी ओढणी. ती दरवेळी पहिल्यांदा बाबालाच पकडते, कशी ते आम्हाला कधी कळलं नाही. या वेळी मात्र त्याच्या अगदी जवळून गेली, थबकली, आणि पुढे जाऊन आजीला धरलं. विहंग पोट धरून हसला. मी सवयीने त्याच्या खोकल्याची वाट पाहिली. खोकला आलाच नाही. माझे डोळे भरून आले.

उन्नतीने ओढणी वर केली, बाबाकडे पाहिलं आणि रडवेली होऊन माझ्याकडे वळली.

"आई, बाबाचा वास कुठं गेला वं? आता मी त्याले ओळखू कशी?"