वरचा मजला रिकामा

त्याला सगळे कानसेन म्हणत. छापखान्यातले सहकारी चेष्टेनं म्हणत आणि इंटरनेटवरची मंडळी आदरानं. पोटापाण्यासाठी तो मुद्रितं तपासायचा, म्हणजे छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका लाल शाईनं पकडायचा. उरलेल्या वेळात सायकेडेलिक ट्रान्सचे अल्बम जमवायचा, ऐकायचा आणि त्यांच्यावर परीक्षणं लिहायचा. ज्यांच्या वाट्याला हा प्रकार कधी आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर मिनिटाला एकशे पंचेचाळीस ठोके, खाली बेसची अखंड गडगड आणि वर नाना तऱ्हेचे आवाज पीळ घेत, गरगरत सात-आठ मिनिटं चाललेले. आवडलं तर माणूस त्यात बुडतो, नाही आवडलं तर खोली सोडून जातो. कानसेनची बायको एकोणतीस वर्षं खोली सोडून जात होती.

आतल्या खोलीत दोन हजार एकशे चाळीस अल्बम होते आणि ते सगळे ठोक्यांच्या वेगानुसार लावलेले होते. सगळ्यात संथ अल्बम दाराशी, सगळ्यात सुसाट खिडकीशी. त्यामुळे दुसऱ्या कुणाला तिथं काही म्हणता काही सापडत नसे आणि कानसेनला मनातून ते बरंच वाटे. कुठलाही अल्बम तो तीनदा ऐकल्याशिवाय त्यावर एक अक्षर लिहीत नसे. एकदा स्पीकरवर, एकदा हेडफोन लावून आणि एकदा जमिनीवर उताणं पडून, डोळे मिटून. एकोणीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. या छोट्याशा जगात त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याचं कौतुक सहजासहजी मिळत नसे आणि त्यानं काढलेला चिमटा वर्षानुवर्षं दुखत राही.

असाच एक चिमटा त्यानं पंधरवड्यापूर्वी काढला होता. ‘घुंगुरटं’ असं टोपणनाव घेतलेल्या एका नव्या संगीतकाराचा पहिला अल्बम आला होता. हा गडी दिवसा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि आठ ट्रॅकचा हा अल्बम करायला त्याला चार वर्षं लागली होती. कानसेननं तीनदा ऐकून लिहिलं, ‘पाया पक्का, भिंती सरळ, पण वरचा मजला रिकामा.’ म्हणजे जाड आवाज उत्तम, मधले बरे, पण वरच्या पट्टीत नाव घ्यावं असं काही नाही. या वाक्याचा दुसराही अर्थ निघतो हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर लिहिलं होतं. पुढचे दोन दिवस तो स्वतःवरच खूश होता. वाचकांनी ते वाक्य डोक्यावर घेतलं आणि बिचाऱ्या घुंगुरट्याला जो तो ‘रिकामा मजला’ म्हणून हाक मारू लागला.

मग त्याचं पत्र आलं. त्यात शिवीगाळ नव्हती, तेच वाईट होतं.

‘सर, आठही ट्रॅकमध्ये एक बारीक तार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजते. लिफ्ट सगळ्यात वरच्या मजल्यावर थांबली की तिचा पोलादी दोर क्षणभर वाजतो. तो आवाज मी टिपला आणि सगळा अल्बम त्याच्याभोवती बांधला. तुम्ही तिचा साधा उल्लेखही केला नाहीत. तुम्हाला ती ऐकून कवडीमोल वाटली असेल, तर मी ती काढून टाकीन आणि अल्बम नव्यानं काढीन. तुमच्या शब्दाबाहेर नाही. पण एकदा समोरासमोर ऐकू. रविवारी सकाळी अकराला येतो.’

कसली तार? कानसेननं अल्बम पुन्हा लावला. तार नव्हती. त्यानं स्पीकरच्या वायरी बदलल्या. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, मग वीतभर मागे ढकलले. छापखान्यातल्या फोटोग्राफरकडून भारी हेडफोन मागून आणले. ॲम्प्लिफायर उघडून आतली धूळ झटकली आणि शेवटी सीडीच सदोष निघाली असणार असा निकाल देऊन टाकला. मग सदोष नसलेली दुसरी सीडी मिळवली. आठवडाभर त्यानं जगातल्या सगळ्या वस्तूंवर संशय घेतला, स्वतःचे दोन कान तेवढे सोडून.

शनिवारी दुपारी त्यानं एक ट्रॅक संगणकावर उघडला. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटलं. खाली बेसचा जाड पट्टा, मध्ये गर्दी आणि वर, अकरा हजार हर्ट्झच्या खुणेशी, एक सरळ, बारीक, तेजस्वी रेघ होती, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत. दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात हयात गेलेला माणूस त्या रेघेकडे बघत राहिला. दिसत होती. ऐकू येत नव्हती.

मग त्यानं हेडफोन लावून कान तपासायची शिट्टी सुरू केली, जी हळूहळू वर चढत जाते. पाच हजार, सहा हजार, सात. साडेआठ हजारांवर ती थांबली. त्याला वाटलं वायर निसटली. त्यानं वायर चाचपली, ती घट्ट होती. पडद्यावरचा आकडा शांतपणे चढत होता, नऊ हजार, दहा हजार, अकरा. त्यानं हेडफोन काढून ठेवले.

त्याच क्षणी दोन ओळी लिहून मोकळं होता आलं असतं. त्यानं लिहायला घेतलंही. ‘माफ करा, माझी चूक झाली,’ इथपर्यंत आला आणि पुसून टाकलं. चूक झाली म्हटलं की लोक विचारणार कशी झाली. आणि कान गेले म्हटलं की विचारणार कधी गेले. मग गेल्या किती वर्षांची परीक्षणं खोटी धरायची? चष्मा लागला तर माणूस खुशाल चारचौघांत मिरवतो, पण कान गेलेल्या कानसेनला लोक काय म्हणतील? शेवटी त्यानं ठरवलं की वेळ मारून न्यायची. येईल, ऐकवेल, आपण मान डोलवू, चार गोड शब्द बोलू आणि वाटेला लावू.

रविवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजली. बायकोनं दार उघडलं. लिफ्टवाला तिशी-पस्तिशीचा, काटकुळा, नखांच्या कडांत न निघणारं काळं ग्रीस असलेला माणूस होता. बसा म्हटलं तरी बसला नाही. काखेतला लॅपटॉप त्यानं कानसेनच्या ॲम्प्लिफायरला जोडला आणि म्हणाला, “सर, मला गोड बोललेलं नकोय. मी दहा तुकडे आणलेत, वीस-वीस सेकंदांचे. काहींत तार आहे, काहींतून काढलीय. मी तुमच्याकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे माझ्या तोंडावरून तुम्हाला कळायला नको. तुम्ही फक्त आहे किंवा नाही एवढंच म्हणा.”

“परीक्षा घेताय माझी?” कानसेन हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

“तुम्ही माझी घेतलीत ना.”

पहिला तुकडा सुरू झाला. गडगड, ठोके, पीळ. कानसेननं डोळे मिटले, उघडले, श्वास रोखून धरला. वीस सेकंद म्हणजे किती लांब असतात ते त्याला तेव्हा कळलं. “आहे,” त्यानं ठोकून दिलं. लिफ्टवाल्यानं पाठमोऱ्यानंच कागदावर खूण केली.

दुसरा सुरू झाला तेव्हा बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली. आतलं सगळं बोलणं तिला बाहेर ऐकू गेलं असावं. एरवी ट्रे टेकवून पळणारी बाई आज तिथंच उभी राहिली, लिफ्टवाल्याच्या मागे, बरोबर कानसेनच्या डोळ्यांसमोर. कानसेननं ‘आहे’ म्हणायला तोंड उघडलं, तोच तिनं मान हलवली. अगदी जराशी, डासाला हटकावं तेवढी.

“नाही,” कानसेन म्हणाला.

तिसऱ्याला तिनं मान खाली झुकवली. “आहे.” चौथ्यालाही. पाचव्याला तिच्या हातातले कप किणकिणले असावेत, कारण तिनं ट्रे पोटाशी घट्ट धरला आणि मान हलवली. “नाही.” लिफ्टवाल्यानं नुसतं वळून पाहिलं असतं तरी सगळा बनाव उघडा पडला असता. सातव्याला तो वळतोय असं वाटलं, पण त्यानं फक्त पेन बदललं. आठ, नऊ, दहा. शेवटचा ठोका थांबला तेव्हा कानसेनचा शर्ट पाठीला चिकटला होता.

लिफ्टवाला कागद घेऊन वळला. “दहापैकी दहा,” तो म्हणाला.

आणि खरं सांगायचं तर क्षणभर कानसेनची छाती फुगली. लाज वाटायला हवी होती, पण फुगली. मग त्याचं लक्ष लिफ्टवाल्याच्या चेहऱ्याकडे गेलं. तो चेहरा पार उतरला होता.

“म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ऐकू येत होती,” लिफ्टवाला म्हणाला. “मला वाटलं होतं, तुमच्या यंत्रात काही बिघाड असेल. निदान तशी आशा होती. म्हणजे तुम्ही ती नीट ऐकलीत, तीनदा ऐकलीत आणि तरी तुमच्या लेखी वरचा मजला रिकामाच.” त्यानं वायर उपसली आणि गुंडाळायला घेतली. “ठीक आहे. शब्द दिलाय मी. आज घरी जाऊन काढून टाकतो.”

“अहो, पण घाई कशाला...”

“चार वर्षं घालवली, सर. याला घाई म्हणत नाहीत.”

त्यानं लॅपटॉप काखेत मारला. बायको दारातून बाजूला झाली नाही. ट्रे धरून ती नवऱ्याकडे बघत राहिली आणि त्या बघण्यात खूण नव्हती की सल्ला नव्हता. जे करायचं ते आता त्याचं त्यालाच करायचं होतं. लिफ्टवाला “काकू, जरा...” म्हणाला, तशी तिला सरकावंच लागलं. तो बाहेरच्या खोलीत गेला. दाराची कडी काढल्याचा आवाज कानसेनला बरोबर ऐकू आला.

“थांबा!” तो ओरडला. “मला ऐकू येत नाही.”

लिफ्टवाला परत आला. “काय?”

“ती तार. मला ऐकूच येत नाही. माझे कान गेलेत. तुमच्या अल्बममध्ये काही कमी नाही.”

“मग दहाच्या दहा?”

कानसेननं बायकोकडे पाहिलं. लिफ्टवाल्यानंही पाहिलं.

“मी खुणावत होते,” ती म्हणाली.

लिफ्टवाल्याचा काळपट चेहरा लालबुंद झाला. “तुम्ही दोघांनी मिळून माझी थट्टा चालवलीत! मी माझी तार उपटून फेकणार होतो आज. काढू नको म्हणायला कुणी होतं का माझ्या घरात? एकटा राहतो मी.” तो दम खायला थांबला. “लिहा. आत्ता, माझ्यासमोर. तोवर मी इथून हलत नाही.”

कानसेन संगणकापुढे बसला. वाक्यं सरळ आली. ‘घुंगुरटं यांच्या अल्बमचं माझं परीक्षण चुकीचं आहे. आठही ट्रॅकमध्ये एक तार वाजते. मला उंच आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून मी ती नाही असं लिहिलं. वरच्या मजल्याचा विनोद मी त्यांना दुखवण्यासाठीच केला होता. त्याबद्दल त्यांची माफी मागतो. माझे कान कधीपासून गेलेत, ते मला माहीत नाही.’

“दीड वर्ष झालं,” बायको मागून म्हणाली. “तसंच लिहा.”

त्यानं वळून पाहिलं नाही. शेवटचं वाक्य खोडून ‘दीड वर्षापासून’ असं लिहिलं आणि बटण दाबलं. दीड वर्षात त्याची एकसष्ट परीक्षणं झाली होती. ती सगळी आता वाऱ्यावर गेली.

लिफ्टवाल्यानं पडद्यावरचा मजकूर दोनदा वाचला. क्षमा केली असं तो काही म्हणाला नाही. जाताना मात्र दाराशी घुटमळला आणि बायकोला म्हणाला, “काकू, तार कशी वाटली?”

“आधी कानात खुपली,” ती म्हणाली. “मग ज्यांच्यात ती नव्हती ते तुकडे लागले की चुकल्यासारखं व्हायला लागलं.”

तो पहिल्यांदाच हसला, हसताना बराच लहान दिसला आणि गेला.

खोलीत चहा निवून गेला होता. कानसेन खुर्चीतच बसून होता. पडद्यावर प्रतिक्रिया येऊ लागल्या होत्या, त्या तो वाचत नव्हता. “तुला कसं कळलं?” त्यानं विचारलं. “मलाच काल कळलं.”

बायको समोरच्या स्टुलावर बसली. एकोणतीस वर्षांत ती त्या खोलीत बसली नव्हती.

“तुम्ही ‘काय?’ विचारायचं सोडून दिलंत,” ती म्हणाली. “मी काहीही बोलले की नुसतं ‘हो’. भाजी आणायची का, हो. ताईचा फोन आला होता, हो. मला बरं वाटत नाही म्हटलं, तरी हो. पहिले सहा महिने मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय. रडलेसुद्धा मी. मग एक दिवस तुमच्या मागे उभी राहून बोलले, तर तुम्ही ‘हो’ही म्हणाला नाहीत. तेव्हा समजलं की ऐकूच येत नाही.” तिनं पदरानं डोळे टिपले आणि खाली बघत, पुटपुटल्यासारखं आणखी काहीतरी म्हणाली.

तिचे ओठ हललेले त्याला दिसले. शब्द कळले नाहीत. सवयीनं त्यानं ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. खुर्ची ओढून तो तिच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ सरकला.

“काय म्हणालीस?” त्यानं विचारलं. “ऐकू नाही आलं मला. परत सांग.”

“मला हायसं वाटलं, म्हटलं,” ती मोठ्यानं म्हणाली.