कुशाबाची पाळी

हौशीराम खडकीच्या गोऱ्यांच्या क्लबात सोळा वर्षं मार्कर होता. बिलियर्डच्या टेबलाशी उभं राहून साहेबांचे गुण पुकारायचे, नव्या साहेबाला काठी धरायला शिकवायची, हे त्याचं काम. जोडीला पेठ गावचा कुशाबा होता. सकाळी टेबल झाडून झालं की साहेब येईपर्यंत दोघं आपसांत खेळत.

मग प्लेग आला. कुशाबाला सरकारी छावणीत नेलं, तो परत आला नाही. वर्षाच्या आत हौशीरामचा उजवा हात वाऱ्यानं लुळा पडला आणि तो डिंगोऱ्याला, आपल्या गावी, घरी आला.

घरी बसून त्यानं एक खेळ काढला. पत्ता ओढायचा. बदाम-चौकट निघाली तर तांबडा चेंडू, काळा पत्ता निघाला तर पांढरा. पत्त्याच्या आकड्याहून दोन फाशांचं दान मोठं पडलं की चेंडू टेबलाच्या खिशात गेला असं धरायचं. एक पाळी स्वतःची, एक कुशाबाची. दोन्हीकडून तोच, डाव्या हातानं. बायको सोनीबाई पत्ते न हलवता भोवतीनं झाडून घ्यायची.

मार्गशीर्षात एका दुपारी कुशाबाची बायको कोंडाबाई दारात आली. दोन दिवस चालत आली होती. नवऱ्याला माती कुणी दिली, तेवढं तिला विचारायचं होतं. हौशीरामला ते माहीत नव्हतं.

तिची नजर पत्त्यांवर गेली. त्यानं खेळ सांगितला, पाळी कुशाबाची आहे तेही सांगितलं. तिनं पत्ता ओढला. बदामाची नव्वी. फासे टाकले. अकरा पडले.

चेंडू गेल्यावर ते काय करायचे, तिनं विचारलं. हौशीराम म्हणाला, हसायचा नाही. काठीला खडू लावून पुढच्या चेंडूकडं बघत राहायचा. ती ऐकत राहिली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण कुशाबा घरी यायचा तो दिवाळीचे पाच दिवस.

हौशीरामला राहवेना.

"वहिनी, डागदरला मीच सांगितलं. कुशाबाच्या काखंत गाठ व्हती. कुणाला सांगू नको म्हणाला व्हता. मी भ्यालो."

तिनं फासे खाली ठेवले. म्हणाली, "त्यास्नी ठावं व्हतं?"

"व्हय. गाडीत चढताना माझ्याकडं बघितलं."

सोनीबाईनं वाढलेली भाकरी तशीच राहिली. कोंडाबाई उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"भाऊ, आता त्यांच्या वाटचं खेळू नगा."

सोनीबाई तिला वेशीपर्यंत पोचवून आली, तेव्हा हौशीराम भिंतीकडं तोंड करून बसला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं एकट्याची पाळी खेळून पाहिली. दोन पत्ते ओढले आणि थांबला. त्यानंतर तो सहा वर्षं जगला. गावात कुणी पत्त्यांना बोलावलं तर हात दुखतो म्हणून सांगायचा.