रामकलीची मूठ

मी मातीची हंडी बोलतेय. नवेगाव बांधच्या एका पोवार शेतकऱ्याच्या घरात, चुलीच्या उजव्या अंगाला माझं आयुष्य गेलं. हंडीनं तोंड उघडू नये, हे मलाही कळतं. पण जे घडलं ते सगळं ठाऊक असलेली मी एकटीच.

रामकलीनं मला बाजारातून डोक्यावर आणलं, तेव्हा तिचा एकुलता एक खुमेंद्र तापानं फणफणला होता. तिनं महादेवाला शब्द दिला, पोरगं वाचलं तर या घरात रोज रांधण्याआधी एक मूठ तांदूळ तुझा. पोरगं वाचलं. एक जरी मूठ चुकली तर देव दिलेलं परत मागेल, या धाकात ती जन्मभर राहिली. मला तडा गेला तर लाख लावून बुजवला, पण मूठ चुकवली नाही. महाशिवरात्रीला ती मला प्रतापगडावर महादेवाच्या यात्रेत नेऊन तिथल्या जेवणाच्या भंडाऱ्यात रिकामी करायची.

धान कापताना विळ्यानं तिची करंगळी अर्धी गेली होती. मूठ टाकली की ती तांदळावर पंजा दाबायची, लेकराला थोपटावं तसा.

नात भूमिका चिडवायची, "आजी, महादेवाले एवढीशी मूठ पुरते का?"

"त्याचं पोट लहान हाये, माय. आपलंच मोठं हाये."

गेल्या वर्षी, प्रतापगडाहून मला रिकामी परत आणल्यावर आठवड्याभरात रामकली गेली. सुतकात देवाचं काही करायचं नसतं, म्हणून मूठही थांबली. तेरवी आटोपली आणि कामाच्या रगाड्यात सून उर्वशी विसरूनच गेली. माणसांना विसरायला तेरा दिवस पुरतात.

चौदाव्या सकाळी उर्वशी अंगणात सडा टाकत होती. चूल पेटायची होती. माझं झाकण उचललं गेलं, आत मूठ पडली, मग वरून पंजा दाबला गेला. थंडगार होता. मी भ्याले, खोटं कशाला बोलू. पण ती करंगळी मी ओळखली.

मग रोज तेच. पावसाळा सरला, धान घरात आलं, एक सकाळ चुकली नाही.

यंदा महाशिवरात्रीच्या आदल्या सकाळी खुमेंद्र म्हणाला, "मायची हंडी गडावर नेतो." उर्वशीचा चेहरा उतरला. वर्षभराची चूक तिला तेव्हा आठवली. तिनं भीत भीत झाकण काढलं. मी गळ्यापर्यंत भरलेली.

"भूमिके, तूच टाकून रायली ना तांदूर?"

"मी कायले टाकू? रोज सकारी झाकण वाजे, मले वाटे तूच टाकून रायली."

तिघंही आत वाकली. तांदळावर पंजा उमटला होता. चार बोटं पुरी, करंगळी अर्धी.

खुमेंद्र माझ्यापाशी बसला. "माय अजून माह्यासाठीच राबून रायली," म्हणाला आणि रडला.

उर्वशीनं एक मूठ आत टाकली. "माय, आता मी टाकीन. तुमी आराम करा."

तिनं शब्द पाळलाय. प्रतापगडाहून परतल्यापासून रोज तिचीच मूठ पडते, उबदार, पाचही बोटांची. ती दुसरी, अर्ध्या करंगळीची, पुन्हा आली नाही.

आता मी म्हातारी झालेय, तड्यातली लाख सुटू लागलीय. उर्वशी, तू गुणाची आहेस, तुझ्या खुमेंद्रला उदंड आयुष्य लाभो. पण एखाद्या सकाळी विसर ना, बाई. एकच दिवस. मी झाकण सैल धरून बसलेय.