लाल ठिपक्याचा बोल्ट

आठ महिन्यांपूर्वी मला पाच ओळींचं एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही.

पत्र वहीच्या रेघी कागदावर होतं, एक ओळ सोडून एक ओळ. पेन इतकं दाबून लिहिलं होतं की कागद उलटा केला तर अक्षरं बोटाला लागायची.

पुस्तककाका,
माझा ठिपका परत आला.
आम्ही भरलेल्या पिशव्या तुम्ही उघडता का?
आधी हो किंवा नाही लिहा.
मग बाकीचं लिहा.

खाली सही आणि पूर्ण पत्ता. पत्त्याशिवाय उत्तर येत नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. पत्ता असूनही येत नाही, ते तिला माझ्याकडूनच कळलं.

माझी नोकरी ग्रंथालयातली. चाळीस वर्षं मी पुस्तकांच्या नोंदी केल्या. माणसांशी बोलायचं म्हटलं की मी पुस्तकात डोकं घालतो. बायको म्हणायची, "पुस्तकं उलट बोलत नाहीत, म्हणून तुमचं त्यांच्याशी जमतं." ती गेल्यावर घरात बोलायचंच कुणाशी उरलं नाही. तेव्हा शेजाऱ्यांनी मला गाठून आमच्या भागातल्या प्रशिक्षण केंद्रात नेलं. ज्यांची समज वयाच्या मागे राहिली आहे अशी तीसेक मोठी माणसं तिथे रोज काम शिकायला येतात. मी आठवड्यातून दोनदा त्यांना वाचायला शिकवायचो. दारावरच्या पाट्या, बसचे नंबर, औषधाच्या बाटलीवरची सूचना, असलं सगळं.

या तीस जणांना केंद्राच्या संचालक बाई 'आमची मुलं' म्हणायच्या. त्या मुलांतला सर्वांत मोठा त्रेपन्न वर्षांचा होता. रोज टाय लावून यायचा, म्हणून त्याला सगळे बॅरिस्टर म्हणत. पाहुणे आले की त्याच्याही गालाला हात लावायचे आणि तो हात मागे जाईपर्यंत बॅरिस्टर डोळे मिटून उभा राहायचा.

पत्र लिहिणारी अडतीस वर्षांची. तिला ताईसाहेब म्हणत. कुणी पाय पसरून बसलं, कुणी नळ चालू ठेवला, की तिचा आवाज यायचा. मलाही तिने सोडलं नाही. एकदा तिने विचारलं, उद्या वर्ग आहे का? मी म्हणालो, "बघू या, पाऊस कसा आहे, माझी तब्येत कशी आहे, त्यावर..."

"काका, तुम्ही गोल गोल बोलता," ती म्हणाली. "आधी हो का नाही ते सांगा. मग बाकीचं."

मी ते फळ्यावर लिहून घेतलं. आमच्या वर्गाचा तो नियमच झाला.

काम असं होतं. लांब टेबलं, त्यावर तेलाच्या वासाचे बोल्ट, नट आणि वॉशरच्या चकत्या भरलेली भांडी. प्रत्येकापुढे चार खाचांची एक लाकडी पट्टी. एक बोल्ट, दोन चकत्या, एक नट. चारही खाचा भरल्या की पट्टी पिशवीत रिकामी करायची आणि पिशवीचं तोंड दाबून बंद करायचं. मोजता येत नाही त्यालाही चुकता येणार नाही, अशी ती पट्टी. कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्याला या पिशव्या लागायच्या. मग कारखान्याने यंत्र घेतलं आणि मागणी थांबली. हे चार वर्षांपूर्वीचं. पिशव्या भरणं मात्र थांबलं नाही.

शनिवारी प्रशिक्षणार्थींना सुट्टी असे. एकदा बाई मला म्हणाल्या, "काका, शनिवारी तपासणीला हात लावाल का? माणसं कमी पडतात." नाही म्हणायला जेवढं बोलावं लागतं तेवढं माझ्याच्याने होत नाही, म्हणून मी गेलो. फोरमन आणि दोन मदतनीस बाया आठवडाभरात भरलेल्या पिशव्या उघडून भल्यामोठ्या टबात ओतत होते.

"हे रिकामं का करायचं?" मी विचारलं.

"सोमवारी काय भरणार मग? हवा?" फोरमन म्हणाला.

दोघी हसल्या. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते. मग मी बाह्या सरसावल्या आणि पिशव्या उघडायला बसलो. एकदा नाही, दोन वर्षं. घरी येऊन साबणाने हात धुवायचो. तेलाचा वास नखांत राहायचा आणि त्या बोटांनी मी पुस्तकाची पानं उलटायचो.

अशाच एका शनिवारी माझ्या हातात एक बोल्ट आला. त्याच्या डोक्यावर लाल ठिपका होता. मला वाटलं, कारखान्याची खूण असेल. टाकला टबात.

ती खूण नेलपॉलिशची होती. आपण भरलेली पिशवी खरंच कुठे जाते, हे ताईसाहेबांना बघायचं होतं. मंगळवारी तो बोल्ट तिच्याच भांड्यात आला. महिन्याच्या सभेत ती उभी राहिली, बोल्ट वर धरला आणि म्हणाली, "हा माझा आहे. मी याला पाठवला होता. हा परत का आला?"

बाईंनी तिच्या हातातून बोल्ट काढून घेतला. "अगं, असे खूप असतात," म्हणत तिचा गाल थोपटला आणि बोल्ट भांड्यात टाकला. सभेत मीही होतो. मी छताकडे बघत होतो.

त्या महिन्यात तिला एका रुग्णालयाच्या लाँड्रीत चाचणीसाठी पाठवायचं ठरलं होतं. चादरी, अभ्रे, खरं काम. त्यासाठी अहवाल लागतो. माझं अक्षर चांगलं म्हणून अहवाल मी लिहायचो, बाई सांगायच्या. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, "कल्पना आणि वास्तव यांत गोंधळ होतो. गोष्टी रचते. बाहेरच्या कामासाठी अद्याप तयार नाही." मी लिहिलं. वेलांट्या नीट काढल्या. शेवटच्या ओळीखाली पट्टीने रेघ मारली.

लाँड्री रद्द झाली. ताईसाहेब केंद्रात यायच्या बंद झाल्या. मग ते पत्र आलं. त्याच्या पुढच्याच शनिवारी तो बोल्ट पुन्हा माझ्या हाताला लागला, तेव्हा मी तो खिशात घातला. पत्र आणि बोल्ट टेबलाच्या खणात ठेवले, गुडघेदुखीचं निमित्त सांगून केंद्रात जाणं सोडलं आणि मला वाटलं, संपलं. मी काही वाईट माणूस नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. आता ते ऐकूनही कंटाळा येतो.

गेल्या शुक्रवारी तिचा भाऊ घरी आला. चष्म्याच्या दुकानात काम करतो. बसला, खिशातून कापड काढून माझाच चष्मा पुसून दिला.

"मी तिला सांगितलंय की म्हातारी माणसं आजारी असतात, त्यांना पत्र लिहायला जमत नाही."

"मी आजारी नव्हतो," मी म्हणालो.

"ते दार उघडलंत तेव्हाच दिसलं मला." तो रागावलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "काका, लाँड्रीत परत जागा निघालीय. पण फाईल तीच. आम्ही दिव्यांगांच्या हक्क समितीकडे अर्ज केला. गुरुवारी तिचं म्हणणं ऐकणार आहेत. अहवालातलं ते वाक्य खोडलं तर चाचणी मिळेल. नाहीतर काय, घरी बसून टीव्ही."

"तिच्या बाजूने कोण बोलणार आहे?"

"तेच विचारलं मी. म्हणाली, माझा साक्षीदार आहे. कोण, म्हटलं, तर म्हणे पत्राचं उत्तर आलं की कळेल." त्याने कापडाची घडी केली. "माझी बायको रोज दुपारी तिला गॅलरीत खुर्ची ठेवून देते. पोस्टमन दिसतो तिथून."

दारापाशी जाऊन तो वळला.

"तिला लहानपणापासून लोक वेडी म्हणतात. त्याचं आता तिला काही वाटत नाही. पण खोटारडी कुणी म्हटलं नव्हतं हो आजवर. ते तिने मनाला लावून घेतलंय."

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी केंद्रात गेलो. आतून धातू ओतल्याचा आवाज येत होता. फोरमन एका हाताने चहा पीत होता, दुसऱ्या हाताने पिशव्या उघडत होता. कपाच्या कडेला त्याच्या बोटांचे काळे ठसे होते. पिशव्या पुन्हा पुन्हा वापरून दुधाळ झाल्या होत्या. भिंतीवर नवा मोठा फोटो लागला होता. बॅरिस्टरच्या खांद्यावर कुणा पाहुण्याचा हात, आणि खाली लिहिलं होतं, 'श्रमातून स्वाभिमान'.

"या या काका, गुडघा काय म्हणतो?" बाईंनी खुर्ची ओढून दिली. त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली. मी घेतलं नाही.

"ताईसाहेबांच्या अहवालातलं ते वाक्य..."

"तिचा भाऊ आला होता ना तुमच्याकडे?" त्या हसल्या. "काका, तुम्ही हळवे आहात. मुलांचे हात रिकामे राहिले की ती बिघडतात. देणगी देणारे येतात, त्यांना काम दिसावं लागतं. काम दिसलं नाही तर केंद्र बंद. मग ही तीस मुलं कुठे जातील, तुमच्या घरी?"

"पण ती खरं बोलत होती."

"असेल. खरं बोलून तिचं काय भलं झालं?" त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून कपात पडलं, आणि चमच्याने तो लगदा काढून खात त्या अगदी मायेने म्हणाल्या, "आणि काका, अक्षर तुमचंच आहे."

त्या धमकी देत असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या माझी समजूत घालत होत्या. माझाही गाल थोपटत होत्या, एवढंच.

बाहेर फाटकाजवळच्या बाकावर बॅरिस्टर बसला होता. टाय लावलेला. घरी करमत नाही म्हणून तो सुट्टीच्या दिवशीही येऊन बसतो, हे मला माहीत नव्हतं.

"काका, आज सुट्टी आहे ना?"

"हो."

"आतून कामाचा आवाज येतोय."

मी उभा राहिलो. तो माझ्याकडे बघत नव्हता, टायचं टोक गुंडाळत होता.

"मी विचारत नाही," तो म्हणाला. "ताईसाहेबांनी विचारलं. मग त्यांचं येणं बंद झालं. मी नाही विचारत."

घरी येऊन मी लिहायला बसलो. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्याची सुरुवात 'आयुष्यात काही प्रसंग असे येतात की' अशी होती. पुढे कारखान्याचं यंत्र, बाईंच्या अडचणी, माझा स्वभाव, पत्नीचं निधन. साडेतीन पानांनंतर कुठेतरी एक 'होय' होतं. तेही कंसात. मी ते परत वाचलं आणि मला बाईंच्या कपातला तो लगदा आठवला. फाडलं. दुसरा मसुदा दोन पानांचा. त्यातही मी कसा बिचारा, हेच होतं. तोही फाडला. रविवार सगळा त्यात गेला.

मग मी वहीचा रेघी कागद घेतला. एक ओळ सोडून एक ओळ. मोठं अक्षर, वेलांट्यांचा नखरा न करता.

ताईसाहेब,
हो.
आम्ही पिशव्या उघडतो.
मी पण उघडत होतो.
दोन वर्षं उघडत होतो.
तुमचा ठिपका खरा आहे.
तुम्ही गोष्ट रचली नाही.
अहवालात खोटं मी लिहिलं.
ते चुकीचं होतं.
मी गुरुवारी समितीत येईन.
मी हे सगळ्यांसमोर सांगेन.
मला बोलायची भीती वाटते.
तरी सांगेन.
तुमचा बोल्ट सोबत पाठवत आहे.
उत्तराला आठ महिने लागले.
त्याला कारण चांगलं नाही.

खाली सही केली, पूर्ण पत्ता लिहिला. त्याच मजकुराची दुसरी प्रत समितीसाठी केली, त्यात अहवालाची तारीख घातली. तिच्या पाकिटात बोल्ट टाकला, कागदात गुंडाळून. बोल्ट स्वतः नेऊन देता आला असता, घर लांब नाही. पण ती गॅलरीत पोस्टमनची वाट बघते, माझी नाही.

सोमवारी सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच मी दारात होतो. खिडकीतल्या मुलीने पाकीट हातात घेऊन वरखाली केलं.

"आजोबा, आत काय आहे?"

"बोल्ट."

"बोल्ट?"

"आणि पत्र."

"मजबूत पत्र दिसतंय," ती म्हणाली. तिने वजन केलं, दोन तिकिटं जास्तीची लावायला सांगितली आणि वर शाईने लिहिलं, 'हाताने शिक्का मारावा'. "यंत्रात अडकेल नाहीतर. उद्या पोचेल. बाहेरच्या पेटीत टाका."

समितीचं पाकीट आधी टाकलं. ते पडल्याचं कळलंही नाही. मग तिचं टाकलं. पेटी रिकामी असावी. बोल्ट तळाशी आपटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.