संडासाच्या कडीला राग येतो

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. संडासाची. हसून घ्या, मी थांबते.

आजोबांनी मला दारावर ठोकून बसवलं आणि म्हणाले, "दणकट आहे." आयुष्यात झालेलं कौतुक ते एवढंच. पूर्वी माणसं आत यायची, उरकून निघायची. मग घरात मोबाईल आले, आणि लक्षात आलं की या जाड भिंतींच्या घरात रेंज फक्त संडासाच्या झरोक्यापाशी येते. तिथून माझं वाटोळं झालं.

सोफ्यावर ही माणसं आधीच डाउनलोड करून ठेवलेले विनोदी व्हिडिओ बघून हसतात. बाकी सगळं आत. बाबा आत येऊन छातीत का दुखतं ते शोधतात. आई नोकऱ्या शोधते. बाहेर गेल्यावर दोघंही मजेत. शेजारी बसलेल्या माणसाला विचारायचं ते मला लावून मोबाईलला विचारतात. माझा नुसता संताप होतो.

त्यात त्या दिवशी ताईची मुलाखत होती, फोनवर. शिक्षण संपल्यापासून ती घरीच होती. इस्त्रीचा शर्ट घालून ती दाराशी उभी. आत काका.

"काका, निघा ना. फोन येईल त्यांचा."

"आलोच."

या घरात 'आलोच' म्हणजे 'आत्ताच बसलोय'.

"पोट बिघडलंय का?"

"पोट नाही गं, व्हिडिओ अडकलाय."

काका पूर्ण कपड्यांत झाकणावर बसून 'वेळेचा सदुपयोग' बघत होते. भाग दुसरा.

"काका, ही नोकरी गेली तर मी जन्मभर या दाराशीच उभी राहीन," ताईचा आवाज चिरकला.

"मग काय, पहिला नंबर तुझाच."

माझं डोकं फिरलं. मी सगळे खिळे सोडून दिले. दार उघडलं. ताईने काकांना दंडाला धरून बाहेर काढलं, आत शिरली आणि दार बाहेरून ओढून धरायला त्यांनाच उभं केलं. तेवढ्यात फोन वाजला.

"आवाज घुमतोय तुमचा," पलीकडचे साहेब म्हणाले.

"केबिन लहान आहे, सर."

तिने सगळी उत्तरं ठणकावून दिली. शेवटी साहेब म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"तुमच्या ऑफिसात रेंज कुठे येते?"

"सगळीकडे."

"संडासात?"

"तिथे मात्र अजिबात नाही."

"मग मी उद्यापासूनच येते," ताई म्हणाली.

आणि ती नोकरीला लागलीसुद्धा. मला परत ठोकून बसवलंय. मित्रांनो, मोबाईल बाहेर ठेवून आत या. नाहीतर मी पुन्हा निखळेन, आणि तेव्हा घरात पाहुणे असतील.